आधी बंद शटरं, कमान नंतर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: लहान गाव, एकच जुनी मुख्य पेठ. गावाबाहेरून वळणरस्ता गेला, त्याच्या कडेला मोठी दुकानं उभी राहिली आणि जे गिऱ्हाईक उरलं त्यातलं बरंच घरपोच मागवण्याच्या सवयीने नेलं. आता पेठेत दर चार-पाच दुकानांमागे एक कायमचं बंद आहे. व्यापारी संघाकडे थोडा निधी जमलाय. त्यातून प्रवेशकमान, एकसारख्या पाट्या, रोषणाई आणि वर्षातून एकदा तीन दिवसांचा महोत्सव करावा असं घाटतंय. हा पैसा सत्कारणी लागेल का, आणि पेठेची प्रसिद्धी कशी करावी?

मी बरीच वर्षं जुन्या पेठा सावरण्याचंच काम करतोय, म्हणून आढेवेढे न घेता सांगतो. कमान करू नका. महोत्सव दुसऱ्या वर्षावर टाका. पहिला पैसा एका माणसाच्या पगारावर घाला, अर्धवेळ असला तरी चालेल. त्याचं मुख्य काम एकच: बंद गाळ्यांच्या मालकांना गाठायचं आणि त्यांच्याशी बोलत राहायचं. सगळेजण गिऱ्हाइकाला कसं ओढायचं याचा विचार करतात. माझ्या अनुभवात आधी ज्याचं मन वळवावं लागतं तो माणूस पेठेत राहतसुद्धा नसतो, फक्त कुलपाची किल्ली त्याच्याकडे असते.

पण त्याच्याकडे जाण्याआधी मोजणी करा. ती कंटाळवाणी असते, म्हणून कुणी करत नाही. जपानमध्ये नागाहामा नावाचं लहान शहर आहे. 1980च्या दशकात तिथल्या जुन्या पेठेत कुणीतरी रविवारी तासभर उभं राहून मोजलं, तेव्हा समोरून गेली चार माणसं आणि एक कुत्रा. हा आकडा तिथे आजही सांगितला जातो, कारण त्याने सगळ्यांची झोप उडवली. ‘धंदा मंदावलाय’ म्हटलं की प्रत्येकजण मान डोलावतो आणि घरी जातो. ‘चार माणसं आणि एक कुत्रा’ म्हटलं की कुणाला तरी काहीतरी करावंसं वाटतं.

तुम्हीही वही घेऊन उभे राहा. कामाच्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी, शिवाय सुट्टीच्या दिवशी. प्रत्येक वेळी दहा-दहा मिनिटं, ठरलेल्या दोन-तीन जागी. किती माणसं गेली, किती दुकानात शिरली, किती हातात पिशवी घेऊन बाहेर आली. शिवाय पन्नास-साठ जणांना विचारा की ते कशाने आले. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात दुकानदारांना हाच प्रश्न विचारला तेव्हा त्यांचा अंदाज होता की 41 टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं. प्रत्यक्षात विचारलं तर निघालं 22 टक्के. दुकानदार खोटं बोलत नव्हते. मोटारीतून आलेला माणूस पार्किंगबद्दल कुरकुर करतो म्हणून लक्षात राहतो, चालत आलेला मुकाट सामान घेऊन जातो. (आणि पेठेतल्या सगळ्यात सोयीच्या जागी दिवसभर कुणाच्या गाड्या उभ्या असतात तेही मोजा. बहुतेक वेळा दुकानदारांच्या आणि त्यांच्या नोकरांच्या असतात. हे बैठकीत बोलून दाखवताना आवाज जरा खाली ठेवा.)

दुसरी यादी गाळ्यांची. प्रत्येक दरवाजामागे एक ओळ: मालक कोण, कुठे राहतो, भाडेकरू कोण, करार कधी संपतो, बंद असेल तर कधीपासून, छत गळतं का, वीजजोड चालू आहे का, वरच्या मजल्यावर काय आहे. ही यादी पूर्ण व्हायला दोन महिने लागतात. ती झाली की पेठ वेगळीच दिसू लागते. अनेकदा कळतं की दहा बंद गाळ्यांमागे खरे मालक तीन-चारच आहेत.

आता मुख्य गोष्ट. गाळा बंद ठेवून मालक बसतो तरी कसा? बाहेरून हा वेडेपणा वाटतो, पण त्याच्या जागी बसून पाहिलं की हिशेब कळतो. इमारत वडिलोपार्जित असते, कर्ज कधीच फिटलेलं असतं, त्यामुळे भाडं आलं नाही तरी काही अडत नाही. भाड्याचा जो आकडा डोक्यात आहे तो पेठ भरात असतानाचा आहे. त्यापेक्षा कमीने दिला तर शेजारचा भाडेकरूही उद्या कमी मागेल, आणि विकायची वेळ आली की घेणारा त्याच कमी भाड्यावर किंमत धरेल. रिकाम्या गाळ्याची कागदावरची किंमत मात्र कुणी विचारेपर्यंत शाबूत राहते. काहींना भाडेकरू निघणार नाही याची धास्ती असते. काही ठिकाणी भावाभावांत वाटणी झालेली नसते आणि एकाची सही कायम बाकी असते. काही ठिकाणी गाळा देण्याजोगा करायलाच इतका खर्च आहे की पहिली दोन-तीन वर्षं भाडं त्यातच जाईल. आणि एक प्रकार कुणी बोलून दाखवत नाही: त्या दुकानात मालकाची उमेदीची वर्षं गेलेली असतात, तिथे दुसऱ्याचं नाव लागलेलं त्याला बघवत नाही.

या प्रत्येकाला औषध वेगळं आहे, म्हणून सरसकट पत्रक वाटून काही होत नाही. ज्याला भाडेकरू अडकून बसण्याची भीती आहे त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहराचा मार्ग पाहा. 2008 साली मार्कस वेस्टबरी यांनी तिथे ‘रिन्यू न्यूकॅसल’ नावाची ना-नफा संस्था काढली. मुख्य रस्त्यांवर दीडशेच्या आसपास इमारती रिकाम्या होत्या. त्यांनी मालकांकडे भाडेकरार मागितलाच नाही. मागितला तो तीस-तीस दिवसांनी पुढे चालू राहणारा वापरपरवाना. खरा भाडेकरू मिळाला की तीस दिवसांत जागा मोकळी. विमा, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती संस्थेकडे. आत बसले हाताने वस्तू बनवणारे, छायाचित्रकार, छोटे प्रकाशक. ज्यांना बाजारभावाने गाळा घेणं कधीच परवडलं नसतं असे लोक. मालकाला भाडं मिळत नव्हतं, पण दिवा लागत होता, काच पुसली जात होती आणि गाळा बघायला येणाऱ्याला तो जिवंत दिसत होता. न्यूकॅसल तुमच्या गावाच्या कितीतरी पट मोठं आहे, तरी ही युक्ती लहान गावात जास्त सोपी, कारण मालकाला ओळखणारा कुणीतरी सापडतोच. मात्र परवान्याचा मसुदा वकिलाकडून नीट करून घ्या. तोंडी भरवशावर एकदा जरी वाद झाला तर पुढची पाच वर्षं कुणी किल्ली देणार नाही.

मालकीचे तुकडे पडलेले असतील तिथे काम लांबतं. जपानमधल्या ताकामात्सु शहरात मारुगामेमाची या पेठेने यावर धाडसी तोडगा काढला. जमीनमालकांनी मालकी स्वतःकडेच ठेवली, पण वापराचा हक्क सुमारे 60 वर्षांच्या मुदतीने एका सामाईक कंपनीला दिला. कुठल्या जागी कुठलं दुकान हे कंपनी ठरवते आणि मालकाचं उत्पन्न पेठेच्या धंद्याशी जोडलेलं असतं. त्यामुळे ‘माझा गाळा, माझी मर्जी’ याऐवजी शेजाऱ्याचं दुकान चालण्यात प्रत्येकाचा फायदा झाला. पहिला भाग 2006 साली उभा राहिला. तयारीत त्याआधीची कितीतरी वर्षं गेली. एवढं मोठं तुम्हाला जमेल असं मी म्हणत नाही. पण चार शेजारी मालकांनी मिळून एकाच माणसाकडे गाळे देण्याचा अधिकार सोपवणं हे त्याचंच छोटं रूप आहे आणि ते मी होताना पाहिलं आहे.

गोडीगुलाबीने न ऐकणारेही असतात. त्यांच्यासाठी काही देशांनी कायद्याची काठी ठेवली आहे. फ्रान्समध्ये दोन वर्षांहून अधिक काळ पडून असलेल्या व्यापारी जागेवर नगरपालिका वेगळा कर लावू शकते. इंग्लंडमध्ये 2024च्या डिसेंबरपासून स्थानिक परिषदेला त्याहून कडक अधिकार मिळाला: दोन वर्षांत 365 दिवसांहून जास्त बंद राहिलेलं दुकान एक ते पाच वर्षांच्या कराराने थेट लिलावात भाड्याने काढता येतं. तुमच्याकडे असा कायदा असेल तर तो हाताशी ठेवा, पण पहिल्या भेटीत त्याचं नाव काढू नका. मी एकदा ती चूक केली. पुढे दीड वर्ष त्या घराचं दार माझ्यासाठी उघडलं नाही.

आता कुठले गाळे आधी उघडायचे? इथे मोह होतो की पैसा आणि मेहनत सगळ्या पेठेला सारखी वाटावी, कुणी रागावू नये. तसं केलं की कुठेच काही दिसत नाही. शंभर-सव्वाशे पावलांचा एकच तुकडा निवडा, शक्यतो जिथे आधीच दोन-तीन चालती दुकानं समोरासमोर आहेत. त्यातला प्रत्येक दरवाजा उघडा करा. रस्त्यावरून जाणारा माणूस सलग दुकानं पाहत जातो. मध्ये तीन बंद शटरं किंवा कोरी भिंत आली की त्याला पेठ संपली असं वाटतं आणि तो मागे वळतो, पुढे कितीही चांगलं दुकान असलं तरी. बाकीचे दुकानदार नाराज होतील. होऊ द्या, पण पुढचा तुकडा कुठला आणि कधी ते लिहून द्या.

नागाहामाने हेच केलं. सुरुवात एका इमारतीपासून. 1900 साली बांधलेली, काळ्या भिंतींची जुनी बँक पाडली जाण्याच्या बेतात होती. 1988 साली नगरपालिका आणि आठ खासगी कंपन्यांनी मिळून भांडवल घातलं, ‘कुरोकाबे’ म्हणजे काळी भिंत या नावाची कंपनी काढली आणि तिथे काचेच्या वस्तूंचं दुकान आणि कारखाना सुरू केला. काचकामाची त्या गावाला परंपरा नव्हती. गावातल्या कुठल्याच दुकानदाराच्या पोटावर पाय येणार नाही आणि मोठ्या दुकानांतही मिळणार नाही, असं काहीतरी हवं होतं. मग शेजारचं घर, त्याशेजारचं घर. पुढे वर्षाला वीस लाखांच्या घरात माणसं येऊ लागली. मला मात्र अशा यशाची थोडी भीती वाटते. पाहुणे वाढले की रोजच्या गरजेची दुकानं हळूहळू भेटवस्तूंची होतात आणि गावातल्या माणसाला सुई-दोराही पेठेत मिळत नाही. म्हणून पहिल्या तुकड्यात निम्मे दरवाजे तरी रोजच्या वापराचे राहतील असं बघा.

रोजच्या वापरावरून आठवलं. पेठेत माणूस येतो तो फक्त खरेदीला येत नाही. टपाल, दवाखाना, वाचनालय, कर भरणा, दाखले, न्यायालय; ही कामं लोकांना पेठेत यायला भाग पाडतात. ती एकेक करून गावाबाहेरच्या नव्या, ऐसपैस इमारतीत जातात आणि मग पेठेला ओहोटी लागली म्हणून आपण हळहळतो. अमेरिकेत 1978 साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी आदेशच काढला होता, की शहरात केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी जागा पाहताना मध्यवर्ती व्यापारी भागाचा पहिल्यांदा विचार व्हावा. तुमच्या गावात पुढच्या पाच वर्षांत कुठलं कार्यालय हलणार आहे याची आजच चौकशी करा. एक कार्यालय पेठेत टिकवणं हे दहा महोत्सवांपेक्षा मोलाचं आहे आणि ते फक्त वेळेत कळलं तरच जमतं. दुकानांच्या वरचे मजलेही तसेच. तिथे माणसं राहायला आली की रात्री खिडक्यांत उजेड दिसतो, आणि सकाळचं पहिलं व संध्याकाळचं शेवटचं गिऱ्हाईक घरातूनच खाली उतरतं.

रंगरंगोटीबद्दल फार लिहीत नाही. जुन्या इमारतींच्या दर्शनी भागावर लावलेले पत्रे आणि भलेमोठे फलक काढा. काचा आतल्या बाजूने रिकाम्या करा, म्हणजे दुकानात काय आहे ते बाहेरून दिसेल. सावली आणि बसायला जागा द्या. न्यू यॉर्कच्या चौकांत माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइट यांना आढळलं होतं की लोकांना उचलून हलवता येणारी खुर्ची फार आवडते. बसण्याआधी ती इंचभर का होईना सरकवतातच. एकसारख्या पाट्यांचा तुमचा बेत मात्र रद्द करा. पेठ सरकारी वसाहतीसारखी दिसू लागते. आकार आणि जागेचे नियम करा, अक्षर ज्याचं त्याला ठरवू द्या.

वाहनबंदीचा विषय तुमच्या प्रश्नात नाही, पण बैठकीत कुणीतरी काढणारच. कोपनहेगनने 1962 साली स्त्रोयेत हा रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा केला, व्यापाऱ्यांनी विरोध केला, तरी तो बदल यशस्वी ठरला. हे उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं. अमेरिकेतल्या कॅलामाझूने 1959 सालीच आपल्या मुख्य रस्त्यावर वाहनं बंद केली होती आणि 1998 साली तो रस्ता पुन्हा गाड्यांना खुला केला. फ्रेस्नो शहराने 1964 साली केलेला पादचारी रस्ता 2017 मध्ये गाड्यांना परत दिला. ही उदाहरणं कमी सांगितली जातात. जिथे आधीच खांद्याला खांदा लागतो तिथे गाड्या काढल्या की माणसांना जागा मिळते. जिथे रस्ता ओस आहे तिथे गाड्या काढल्या की तो आणखी ओस होतो. तुमच्या मोजणीचे आकडे आले की उत्तर तिथेच मिळेल. शंका असेल तर काही रविवारी नुसते अडथळे आणि खुर्च्या लावून करून पाहा. काही बांधायची गरज नाही.

पार्किंगसाठी नवी जागा विकत घेऊ नका. आधी असलेल्या जागेवर गाडी किती वेळ उभी राहते ते बघा. या विषयाचे जाणकार डोनाल्ड शूप सांगत की साधारण 85 टक्के जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यात एखादी जागा मोकळी सापडते. कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पॅसाडीनाने 1993 साली पार्किंगला शुल्क लावलं तेव्हा व्यापाऱ्यांना एका अटीने पटलं: ते पैसे त्याच भागाच्या फुटपाथ, दिवे आणि साफसफाईवर खर्च व्हावेत. शुल्क नको असेल तर निदान एवढं करा, की दुकानदारांनी आपल्या गाड्या पेठेच्या मागे लावाव्यात.

आता पगारी माणसाचा मुद्दा, कारण त्यावर सगळ्यात जास्त भुवया उंचावतात. अमेरिकेच्या ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या संस्थेने 1977 साली गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान गावांत मुख्य रस्ता सावरण्याचा प्रयोग सुरू केला. त्यातून पुढे देशभरचा कार्यक्रम झाला. त्यांनी चार बाजू धरल्या: संघटन, रूप, प्रसिद्धी आणि पेठेचं अर्थकारण. प्रसिद्धी चारांतली एक. आणि प्रत्येक गावात एक व्यवस्थापक नेमला, ज्याचं हेच काम. दुकानदारांची समिती कितीही भली असली तरी प्रत्येकाला स्वतःचं दुकान सांभाळायचं असतं. तिसऱ्या महिन्यापासून बैठकीला तेच चारजण उरतात.

पगार कुठून द्यायचा? वर्गणीतून दिला तर दहाजण भरतात आणि पन्नास जणांच्या दारापुढचा कचरा निघतो, मग ते दहाही थांबतात. कॅनडातल्या टोरोंटो शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेत हेच झालं होतं. मॉल आले, मेट्रो सुरू झाल्यावर रस्त्यावरून जाणारी माणसं जमिनीखाली गेली, आणि ऐच्छिक वर्गणी पुरेना. 1970 साली तिथे कायद्याच्या आधाराने अशी सोय झाली, की ठरलेल्या हद्दीतल्या प्रत्येक व्यवसायाकडून करासोबत छोटी आकारणी घ्यायची आणि तो पैसा त्याच हद्दीत व्यापाऱ्यांच्याच मंडळाने खर्चायचा. हीच कल्पना नंतर जगभर गेली. तुमच्याकडे तशी तरतूद नसेल तर पहिली दोन वर्षं जमलेला निधी पगाराला वापरा आणि त्या काळात नगरपालिकेशी बोलणी करा.

उरली प्रसिद्धी. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या छोट्या गावाचं उदाहरण मला फार आवडतं. रिचर्ड बूथ यांनी 1 एप्रिल 1977 रोजी गाव स्वतंत्र राज्य असल्याचं जाहीर करून स्वतःला राजा घोषित केलं आणि जगभर बातम्या छापून आल्या. लोक ही गंमत सांगतात. पण बूथ 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं उघडत होते, जुन्या अग्निशमन केंद्रापासून. म्हणजे बातमी वाचून आलेल्या माणसाला बघायला, चाळायला, विकत घ्यायला खरोखर काहीतरी होतं. नावाजलेला साहित्य महोत्सव तर 1988 साली, आणखी अकरा वर्षांनी आला.

तुमच्या पेठेची पहिली प्रसिद्धी फुकटात होते. प्रत्येक दुकानाची वेळ, फोन आणि छायाचित्र गूगल नकाशावर बरोबर आहे का ते एका दुपारी बसून तपासा. ‘उघडं’ दाखवणाऱ्या दुकानाला कुलूप सापडलं की गिऱ्हाईक कायमचं तुटतं. मग वेळा. माणसं कामावरून सुटतात तेव्हा पेठ बंद होत असेल तर जाहिरात कुणासाठी? सगळे मिळून आठवड्यातली एक संध्याकाळ तरी उशिरापर्यंत उघडी ठेवा, तीच संध्याकाळ, दर आठवड्याला, निदान सहा महिने. पहिले दोन महिने कुणी येणार नाही. तिथेच बहुतेक पेठा हार मानतात.

महोत्सव करायचाच झाला तर बाहेरच्या विक्रेत्यांचे ठेले दुकानांच्या दारात लावू नका. मी असा एक महोत्सव पाहिलाय, गर्दी इतकी की चालता येईना, आणि ठेल्यांच्या पाठीमागे दुकानदार रिकाम्या गल्ल्यावर बसलेले. संध्याकाळी प्रत्येक दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: आज विक्री किती आणि पूर्वी कधीच न आलेले किती चेहरे दिसले. वर्तमानपत्रातल्या गर्दीच्या फोटोवर जाऊ नका.

पगारी माणूस नेमलात की त्याला पहिल्या भेटीसाठी सगळ्यात मोठ्या मालकाकडे पाठवू नका. तो ‘बघू’ म्हणेल आणि ते ‘बघू’ गावभर होईल. ज्याचा एकच गाळा आहे, ज्याला शेजारी मानतात आणि ज्याचं शटर बंद होऊन वर्षही झालेलं नाही, त्याच्याकडे आधी जा. पावसाळ्याआधी छत बघून देतो म्हणा. किल्ली तेव्हाच मागू नका.